मानाचे तीन चार्जर

चंद्रकलाच्या घरात पेन्सिल सेल चार्ज करायचे चार्जर होते तीन. कुणी म्हणेल, एका घरात तीन कशाला? तर या घराण्यात चार्जरवर काय लिहिलंय ते वाचायची पद्धत नव्हती. तो कुणी आणला, एवढंच बघायची पद्धत होती. आहेराची साडी देणारी बाई दारात आली की घाईघाईनं तीच साडी नेसून बाहेर यायचं, तशातला प्रकार. दीर आला की दिराचा चार्जर बोर्डात. मुलगा घरी असला की मुलाचा. दोघंही नसले की तिचा स्वतःचा, आठवडे बाजारातून आणलेला. तिच्या मते तिन्हींत तोच बरा, कारण तो तिनं आणला होता.

मुळशीला धरणाच्या रस्त्याला तिची टपरी होती. भजी, चहा, मॅगी, भाजलेलं कणीस. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागायची. "पाणी बघाया येत्यात आन् पान्याकडं पाठ करून सोताचंच फोटू काढत्यात," असं म्हणत ती त्यांना भजी द्यायची. टपरीमागं भाताचं एक खाचर, त्याच्यापलीकडं घर. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, खाटेवर तिचा नवरा दामू.

दामूनं कितीतरी वर्षं लवासाकडं रिकाम्या इमारती राखल्या. माणूस नसलेल्या घरांना कुलूप आहे का, हे बघत फिरायचं, बस्स. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. डोकं मात्र ठिकाणावर होतं. सगळं कळायचं, फक्त बोलता यायचं नाही. लघवीला जायचं म्हटलं की खांदा द्यायला माणूस लागायचा. माणूस आला की हा पठ्ठ्या डाव्या पायावर जोर देत, उजवा ओढत, संडासापर्यंत स्वतःच्या पायानं जायचा. मोठ्या माणसांचे लंगोट बाजारात मिळतात असं सून तृप्ती एकदा भीत भीत म्हणाली, तर त्यानं असे डोळे वटारले की तिनं पुन्हा विषय काढला नाही. तेवढी एक गोष्ट त्यानं राखली होती आणि ती जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

म्हणून बेल आणली होती. बटण दामूच्या गळ्यात, दोरीला. डबा टपरीत, तेलाच्या पिंपाशेजारी फळीवर. इकडं त्यानं बटण दाबलं की बटणावर लाल दिवा लागायचा आणि तिकडं डबा किर्र वाजायचा. मग चंद्रकला झारा टाकून बांधावरून धावायची. टपरीला लाईट नव्हती, त्यामुळं डबा तीन पेन्सिल सेलांवर चालायचा आणि दिवसभर कान देऊन बसायचं असल्यामुळं सेल फार खायचा. तेव्हा मुलानं, रत्नदीपनं, परत परत भरता येणारे सेल आणले. सेल आले म्हटल्यावर चार्जर आला. आणि चार्जर आला तिथंच सगळ्यांच्या अंगात शहाणपण शिरलं.

सगळ्यात मानाचा चार्जर अभयचा. अभय म्हणजे दामूचा धाकटा भाऊ, पुण्यात बँकेतून रिटायर झालेला, महिन्यातनं एखाद्या रविवारी 'जय भीम वहिनी' करत उगवणारा. हा चार्जर त्याच्या जुन्या कॅमेऱ्याबरोबरचा, काळा नि जड. "मजबूत वस्तू आहे, वहिनी. आता असं बनवत नाहीत," म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी दिला होता. चंद्रकलानं दोन्ही हातांनी घेतला आणि मनात म्हटलं, व्हय तर, पुण्यात टाकून द्यायची लाज वाटली म्हणून मुळशीला आणलाय. त्या चार्जरला थांबायची अक्कल नव्हती. सेल भरला तरी तो आपला कोंबतच राहायचा, सकाळपर्यंत.

रत्नदीपचा चार्जर मोबाईलवरून मागवलेला. घोटावड्याला कंपनीत कामाला असल्यामुळं यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती. त्या चार्जरवर निळे, लाल, हिरवे दिवे नाचायचे आणि अर्ध्या तासात सेल फुल म्हणायचा. फुल व्हायचे की नाही कोण जाणे, पण असे तापायचे की चंद्रकलाला ते पदरानं धरून काढावे लागायचे. "फास्ट हाय ना आई, गरम होणारच," हे रत्नदीपचं उत्तर. वर पुन्हा हसायचा, जणू आईला फास्ट म्हणजे काय तेच माहीत नाही.

आणि चंद्रकलाचा स्वतःचा? हातात घेतला तर रिकामी काड्यापेटी वाटावी. चार कप्पे आणि चौघांत मिळून एक दिवा. तो दिवा सेल घातले तरी लागायचा आणि नाही घातले तरी. पण तिचा त्याच्यावर जीव. शिवाय तिची एक वेगळीच विद्या होती. चार्जरमधून काढलेले सेल ती पत्र्यावर उन्हात ठेवायची. जुन्या काळी बॅटरीचे सेल उन्हात ठेवले की पुन्हा चार दिवस चालायचे, म्हणजे याही सेलांना ऊन मानवणारच, असा तिचा हिशेब. पावसाळ्यात ऊन नाही, तर चुलीच्या कडेला. तृप्ती एकदा म्हणाली, "आई, आधीच गरम आहेत ते." त्यावर चंद्रकलानं तिच्याकडं असं पाहिलं की तृप्ती आपली कणीक मळायला गेली.

त्या शनिवारी दुपारीच अभयचा फोन आला, उद्या येतोय. झालं. मुलाचा चार्जर बोर्डातून निघाला, दिराचा बसला. सेल घालायला गेली तर सेल दोनच. तिसरा कुठं घरंगळला कुणास ठाऊक. चुलीमागं बघितलं, तांदळाच्या डब्यामागं बघितलं. टपरीवर गिऱ्हाईक ओरडत होतं. शेवटी चंद्रकलानं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला सेल काढला, घड्याळ परत टांगलं आणि सेल घातला तिसऱ्या कप्प्यात. आकार एक, डोकं एक, बूड एक. सेल तो सेल! एवढ्याशा गोष्टीला कुणाला विचारायचं? सकाळी तिन्ही काढले, डब्यात घातले, दामूला बटण दाबायला लावलं, डबा वाजला. ती खूश होऊन टपरीवर गेली.

रविवारची गर्दी उसळली. रत्नदीपला सुटी, तो चहा गाळत होता. तृप्ती वंदनेला विहारात गेली होती. चंद्रकला दामूला एकदा फिरवून आणून खाटेवर बसवून आली होती आणि आता कांदा चिरत होती. एवढ्यात अभयराव आले. इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी. भावाला खिडकीतूनच हात केला, "कसं काय दादा, बरं ना?" म्हटलं, उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं थांबले नाहीत, आणि बांधावरून सरळ टपरीवर आले. भजीची प्लेट हातात आल्यावर त्यांची नजर फळीवर गेली.

"वहिनी, हा डबा बंद आहे. दिवा लागत नाहीये."

चंद्रकलानं डबा हलवला, थापटला. मुका. "अगं बया! सकाळी तर वाजला."

"चार्ज कशावर केले सेल?" अभयनं विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "रत्नाच्या त्या चायना डबड्यावर ना? वाटलंच."

"न्हाई हो काका," रत्नदीप गाळणं हातात धरून म्हणाला, "काल तुमचाच लावला व्हता. तुमी येणार म्हणून. तुमचा चार्जर माझ्या जन्माआधीचा हाय, तो काय चार्ज करणार?"

"जन्माआधीचा म्हणूनच टिकलाय! तुमची एक वस्तू सहा महिने टिकत नाही. व्होल्टेज म्हणजे काय माहिती आहे का तुला?"

"मी कंपनीत पॅनलवर असतो, काका. तुमी बँकेत शिक्के मारायचा."

"ए! तोंड सांभाळ!"

मग चंद्रकला मैदानात उतरली. तिच्या तोंडाला लागणं म्हणजे काय ते अख्ख्या रस्त्याला माहीत. "तुमी दोघंबी गप ऱ्हावा! एकानं घरातला भंगार आणून दिला, दुसऱ्यानं जत्रंतली लाईटिंग आणली. माझा चार्जर लावला असता तर आज डबा वाजला असता. पर न्हाई, तुमचा मान राखायचा! मानापायी मेले माझे सेल!"

"आंटी, दोन प्लेट भजी," गिऱ्हाईक म्हणालं.

"थांबा वो जरा, हितं काय चाललंय दिसत न्हाई का?"

आणि भांडण चांगलंच रंगलं. अभयनं आपल्या सोसायटीच्या लिफ्टची बॅटरी कशी वीस वर्षं चालली ते सांगितलं. रत्नदीपनं मोबाईल काढून त्याच्या चार्जरला किती लोकांनी पाच तारे दिलेत ते दाखवलं. चंद्रकला डबा हातात धरून, हात लांब करकरून बोलत होती. तेलात भजी करपली. बेल बंद आहे हे तिघांनाही ठाऊक होतं, तीच तर भांडणाची गोष्ट! पण खाचर ओलांडून आत जाऊन बघावं, असं तिघांतल्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही. वा रे शहाणे.

तृप्ती विहारातून परतली ती मागच्या दारानं घरात गेली आणि लगेच पुढच्या दारातून बाहेर आली. बांधापर्यंत आली, ओरडली नाही.

"आई, बाबा बटण दाबतायत. केव्हाचे दाबत असतील कोण जाणे. लाल दिवा लागतोय."

चंद्रकला डब्यासकट बांधावरून धावली.

ती खोलीत शिरली. वास आला. दामू खाटेवर एका कुशीला कलला होता, धोतर भिजलं होतं, गोधडी भिजली होती, खाली फरशीवर ओघळ आला होता. डाव्या हाताच्या मुठीत बटण होतं आणि अंगठा अजून दाबत होता. दाबला की लाल दिवा लागत होता, सोडला की विझत होता. रविवारच्या गाड्यांच्या गोंगाटात डब्याचा आवाज तसाही खोलीपर्यंत यायचा नाही; त्याच्या दृष्टीनं बेल वाजत होती. आणि समोरच्या खिडकीतून टपरी स्वच्छ दिसत होती. बायको, मुलगा आणि सख्खा भाऊ, तिघंही डब्याभोवती उभे, डबा बायकोच्या हातात. तिघांनी ऐकलंय आणि तिघं येत नाहीयेत.

"अवं, डबा बंद पडलाय," चंद्रकला म्हणाली. "आमाला ऐकू न्हाई आलं वो! खरंच न्हाई आलं."

दामूनं तोंड भिंतीकडं केलं.

तिनं त्याला धुतलं, पुसलं, कोरडं नेसवलं. एरवी हे करताना ती त्याच्याशी अखंड बडबडायची, गावभर कोणी कुणाला काय म्हणालं ते सांगायची. आज 'हात उचला', 'कूस बदला', एवढंच. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला गेली तर तो मान हलवून तिचा हात झटकत होता. सगळं आवरल्यावर तिनं तृप्तीला त्याच्याजवळ बसवलं आणि ती बाहेर ओट्यावर आली. तिथं काका-पुतणे गरीब गायीसारखे उभे होते.

तिनं चमच्याच्या दांड्यानं डब्याचं झाकण उचकटलं. आत एका सेलाच्या बुडातून पांढरं खरकटं बाहेर आलं होतं, मिठासारखं, आणि पितळी पट्टी हिरवी पडली होती. रत्नदीप बोट लावायला गेला, तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली. फडक्यात धरून सेल काढला आणि अभयपुढं केला.

"तुमी शिकलेले ना? चष्मा लावा. काय लिवलंय ते वाचा. मोठ्यानं."

अभयनं चष्मा लावला. "डू नॉट रिचार्ज." खाकरून म्हणाला, "म्हणजे हा चार्ज करायचाच नसतो, वहिनी. साधा सेल आहे. चार्ज केला तर फुटतो, गळतो, पेटूसुद्धा शकतो. हा घातला कुणी?"

तिघांचीही नजर खिडकीतून आत भिंतीवर गेली. घड्याळ काल दुपारच्याच वेळेला थांबून होतं.

"मी घातला," चंद्रकला म्हणाली. "घड्याळातला. मला वाटलं सेल तो सेल. आता ते ऱ्हाऊ दे. म्होरं वाचा. ह्ये दुसरे दोन."

"निकेल मेटल हायड्राइड."

"आन् तुमच्या त्या मजबूत चार्जरवर?"

अभयनं काळा चार्जर उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "निकेल कॅडमियम," तो पुटपुटला. "ओन्ली. म्हणजे... तेव्हा तेच सेल मिळायचे ना."

"म्हंजी ह्या सेलांचा न्हाईच. रत्ना, तुझ्यावर?"

रत्नदीपनं आपला चार्जर चारी बाजूंनी फिरवला. दिवे भरपूर होते. कंपनीचं नाव नव्हतं, शिक्का नव्हता, कुठले सेल घालायचे ते नव्हतं. "काय लिहिलेलं न्हाई," तो म्हणाला.

"आन् माझ्यावर बी न्हाई. वा! एवढं वर्ष झालं, तीन शाण्यांनी तीन चार्जर पूजले, आन् वाचला एकानं न्हाई. त्या माणसाची अब्रू टांगली व्हती ह्याच्यावर!" तिनं तिन्ही चार्जर गोणपाटात टाकले. मग अभयचा तेवढा परत काढला आणि त्याच्या पिशवीत नीट ठेवला. "ह्यो तुमचा मान. घरी न्या. आन् आज जायचं न्हाई. डबा वाजत न्हाई तवर कुणीतरी त्यांच्याजवळ बसायचं. दुपार तुमची."

"वहिनी, मला संध्याकाळी सोसायटीची मीटिंग..."

"लिफ्ट चालंल तुमच्याबिगर."

अभय बसला. आधी त्यानं दामूला लिफ्टचंच सांगितलं, मग पेन्शनचं, मग पुण्यातल्या वाहतुकीचं. ते संपल्यावर त्याच्याजवळ बोलायला काही उरलं नाही. चंद्रकला मधे चहा द्यायला गेली तेव्हा दामूनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं होतं. अभय दुसऱ्या हातानं कप घेत म्हणाला, "सोडतच नाहीत." त्या रात्री तो मुक्कामाला राहिला.

सोमवारी चंद्रकला स्वतः पिरंगुटला गेली. ब्लाउजला मॅचिंग अस्तर आणायला कापड नेतात तसा भरता येणारा एक सेल रुमालात बांधून नेला. दुकानदार खुर्चीतून न उठता म्हणाला, "कोणताही घ्या मावशी, सगळे चालतात."

"सगळे चालत्यात तर एवढे ठेवलेत कशाला? उठा. ह्या सेलावर जे लिवलंय तेच ज्याच्यावर लिवलंय त्यो दाखवा. आन् भरला की आपला आपण बंद पडणारा. आन् परत्येक सेलाला येगळा दिवा."

दुकानदारानं उठून वरच्या फळीवरून एक खोकं काढलं. तिनं त्याच्याकडून ते वाचून घेतलं, मग दुकानात आलेल्या कॉलेजच्या पोरीकडूनही वाचून घेतलं, शिक्का बघितला, बिल घेतलं. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा चार्जरला एवढी चौकशी?" त्याला तिनं काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसरा सेल तांदळाच्या डब्याखाली सापडला. रत्नदीपनं डब्यातल्या पट्टीला लिंबू चोळून ती घासली, कोरडी केली. सेल नव्या चार्जरमध्ये बसले. कुणी चुलीकडं नेले नाहीत, कुणी झोपायच्या वेळी लावून सोडले नाहीत. तृप्ती भाकरी करता करता नजर ठेवून होती. एकेक दिवा हिरवा झाला आणि चार्जर आपला आपण थांबला. चंद्रकलानं सेल नुसत्या बोटांनी काढले. थोडे कोमट, बस्स.

मग सगळे खाटेभोवती जमले. रत्नदीप टपरीवर डबा ठेवून आला. "दाबा बाबा!" दामूनं एकेकाकडं पाहिलं आणि दाबलं. खाचरापलीकडून किर्र असा आवाज आला. टाळ्या झाल्या. अभयनं मोबाईल काढून परत दाबायला लावलं, व्हिडिओ घेतला, घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'दादांची बेल सुरू.' तिकडून अंगठ्यांवर अंगठे आले. रत्नदीप कंपनीत पाळीला गेला, तृप्ती धुणं घेऊन गेली. अभयनं पिशवी खांद्याला लावली, दारातूनच "येतो दादा" म्हटलं आणि तो बांधाला लागला. चंद्रकला टपरीवर येऊन स्टोव्ह पेटवते न पेटवते तोच डबा वाजला.

ती धावत गेली. "लघवीला?" दामूनं मान हलवली, नाही. "पाणी?" नाही. "दुखतंय कुटं?" नाही. त्यानं डावा हात खाटेच्या काठावर दोनदा थापटला. कालपासून तिथं कुणी ना कुणी बसलं होतं, आणि बेल दुरुस्त झाल्याबरोबर खोली रिकामी झाली होती. चंद्रकला उभीच राहिली. ही बेल आपण त्यांच्यासाठी आणली असं ती वर्षभर सगळ्यांना सांगत होती. आणली होती ती जवळ बसायला लागू नये म्हणून. तिला स्वतःचीच शिसारी आली. मग ती काठावर बसली. टपरीवर कुणीतरी "आंटी, आंटी" करत होतं, ते तिनं करू दिलं.

रस्त्यावरून अभयनं बेल ऐकली होती. तो अर्ध्या वाटेतून मागं आला, दारात थांबला, पिशवी खांद्यालाच.

"काय झालं वहिनी? परत बिघडली?"

"बिघडली न्हाई. चांगली वाजतीया. तुमचा भाऊ बोलावतुया. ठिवा ती पिशवी आन् बसा."

"अहो, आत्ता तर भेटलो मी दादांना."

"कुटं भेटला?" चंद्रकला म्हणाली. "तुमी बेलला भेटला."